पिल्लू घरी आलं: विमा घ्यावा की नाही, हे ठरवायचं कसं?

कुत्र्याच्या विम्याबद्दल चौकशी केली की दोन प्रकारची माणसं भेटतात. एक म्हणतो, "डोळे मिटून घ्या." दुसरा म्हणतो, "पैसे पाण्यात." पहिल्याच्या कुत्र्याचं मोठं ऑपरेशन विम्यावर झालेलं असतं. दुसऱ्याचा दावा फेटाळलेला असतो, किंवा त्याचा कुत्रा एकदाही दवाखान्यात न राहता म्हातारा झालेला असतो. दोघंही खरंच सांगतात, पण तुम्हाला त्याचा फारसा उपयोग होत नाही. तुमचं पिल्लू वेगळं, तुमचा खिसा वेगळा आणि तुमच्यासमोरची पॉलिसीही वेगळी.

निर्णय काहीही घ्या, पण लवकर घ्या. पिल्लाची वैद्यकीय फाइल आज कोरी आहे आणि पुढे ती कधीच इतकी कोरी असणार नाही. विमा कंपनी आधी झालेल्या किंवा आधी लक्षणं दिसलेल्या आजाराचा खर्च देत नाही, त्यामुळे फाइलमध्ये पडणाऱ्या प्रत्येक नोंदीबरोबर विम्याचं मोल थोडं घटतं. बहुतेक कंपन्या पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं झालं की विमा उतरवतात. म्हणजे ते घरी येतं तेव्हाच दार उघडं असतं. तहान लागल्यावर विहीर खोदायला गेलात, तर इथे खोदूच देत नाहीत.

पहिली पायरी: दोन आकडे लिहून काढा

पॉलिसीची माहितीपत्रकं उघडण्याआधी एक कागद घ्या. त्यावर पहिला आकडा लिहा. उद्या रात्री पशुवैद्य म्हणाले, "आत्ता ऑपरेशन केलं तर वाचेल, पैसे भरून या," तर कर्ज न काढता आणि कुणापुढे हात न पसरता तुम्ही किती भरू शकाल? मनातल्या मनात अंदाज करू नका, खात्यात खरंच किती आहे ते बघा. घराच्या इतर गरजांसाठी राखलेले पैसे त्यातून वगळा.

दुसरा आकडा तुमच्या पशुवैद्यांकडून मिळेल. पहिल्या तपासणीला गेलात की तीन गोष्टींचा साधारण खर्च विचारा: पोटात अडकलेली वस्तू काढायचं ऑपरेशन, पार्व्होसाठी (पिल्लांना होणारा, उलट्या-जुलाबांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) पाच-सात दिवस दवाखान्यात ठेवणं आणि गुडघ्याचा लिगामेंट तुटल्यावर किंवा हाड मोडल्यावर करायची शस्त्रक्रिया. रात्री-अपरात्री उघडं असणारं आपत्कालीन केंद्र जवळ असेल तर तिथेही फोन करून विचारा, कारण तिथला दर दिवसाच्या दरापेक्षा बऱ्यापैकी जास्त असतो. या उत्तरांतला सगळ्यात मोठा आकडा म्हणजे तुमचा दुसरा आकडा.

पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा आरामात मोठा असेल, तर विमा ही तुमच्यासाठी सोय आहे, गरज नाही. दुसरा पहिल्याच्या दुप्पट-तिप्पट असेल, तर पुढच्या पायऱ्या फार लक्ष देऊन वाचा. माझ्या मते विम्याची खरी कसोटी एवढीच आहे: पैशांमुळे उपचाराचा निर्णय बदलेल, अशी वेळ तुमच्यावर येऊ शकते का?

"भरलेले पैसे परत मिळतील का?" हा प्रश्न मात्र सोडून द्या. सरासरी मालकाला ते परत मिळत नाहीत, आणि मिळूही शकत नाहीत. जमलेल्या हप्त्यांतून कंपनीला दावे चुकते करायचे असतात, पगार, कमिशन आणि जाहिराती भागवायच्या असतात आणि वर नफाही काढायचा असतो. त्यामुळे सगळ्या मालकांना मिळून जेवढं परत येतं, ते भरलेल्यापेक्षा कमीच असणार. विमा घेणारा माणूस जाणूनबुजून थोडं नुकसान पत्करतो आणि बदल्यात न पेलणारं बिल दुसऱ्याच्या गळ्यात घालतो. हे पटत नसेल तर विमा घेऊ नका. दर वर्षी हप्ता भरताना चडफडाल आणि नेमका तिसऱ्या-चौथ्या वर्षी बंद कराल. तो सगळ्यात वाईट सौदा.

दुसरी पायरी: तुमच्या पिल्लाला काय होऊ शकतं ते बघा

पहिल्या वर्षात पिल्लू आजारी पडण्याची कारणं बहुतेक वेळा त्याच्या तोंडात सापडतात. मोजे, चेंडूचे तुकडे, खेळण्यातला कापूस, मक्याचं कणीस, असं काहीही गिळलं जातं आणि आतड्यात अडकतं. चॉकलेट, द्राक्षं आणि मनुका, कांदा, बिनसाखरेच्या च्युइंगममधलं झायलिटॉल ही कुत्र्यांसाठी विषं आहेत. यातलं झायलिटॉल फार झपाट्याने काम करतं. ते पोटात गेल्यावर तासाभरातही रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. छोट्या जातींची पिल्लं कडेवरून किंवा सोफ्यावरून उडी मारतात आणि पुढच्या पायाचं बारीक हाड मोडून घेतात.

पार्व्होचा धोका लसीकरण पूर्ण होईपर्यंत खरा असतो. लसींची मालिका सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होते आणि दर दोन ते चार आठवड्यांनी डोस देत किमान सोळा आठवड्यांच्या वयापर्यंत चालते. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती आधीच्या डोसांना निष्प्रभ करू शकते, म्हणून हा शेवटचा डोस महत्त्वाचा. तो चुकवला तर पिल्लू उघडं पडतंच, शिवाय लसीने टळू शकणाऱ्या आजाराचा दावाही बहुतेक पॉलिसींत नामंजूर होतो.

पण मोठा पैसा पहिल्या वर्षात जातोच असं नाही. त्वचेची ॲलर्जी, म्हणजे ॲटॉपिक डर्मटायटिस, साधारण सहा महिने ते तीन वर्षं या वयात डोकं वर काढते आणि मग आयुष्यभर सोबत राहते. अपस्माराचे झटके बहुधा सहा महिने ते सहा वर्षांच्या दरम्यान सुरू होतात. पुढे सांधे, हृदय, मूत्रपिंड, गाठी. एका रात्रीच्या ऑपरेशनपेक्षा महिन्यामागून महिने चालणारी औषधं जास्त खिसा कापतात, आणि नव्या मालकांच्या हिशेबात नेमकी तीच राहून जातात.

जातीचा प्रभाव मोठा आहे. लॅब्राडोर, गोल्डन रिट्रिव्हर, जर्मन शेफर्डमध्ये खुब्याच्या सांध्याचा दोष. पग, फ्रेंच बुलडॉग, इंग्लिश बुलडॉग या चपट्या तोंडाच्या जातींत श्वासाचा त्रास, डोळ्यांच्या जखमा, कातडीच्या घड्यांतले संसर्ग. डॅशहुंडमध्ये मणक्यांमधली चकती सरकणं. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनिएलमध्ये हृदयाच्या झडपेचा आजार. ग्रेट डेनसारख्या खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांमध्ये पोटाला पीळ पडणं, ज्यात काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर कुत्रा दगावतो. छोट्या जातींत गुडघ्याची वाटी निसटणं. मिश्र वंशाच्या पिल्लाला यातले काही आनुवंशिक आजार कमी होतात, पण गिळलेला मोजा जात बघत नाही, अपघातही नाही.

यावर एक सोपी युक्ती आहे. विमा घ्यायचा नसला तरी एकाच कंपनीकडे दोन कोटेशन मागा: एक तुमच्या जातीसाठी, एक त्याच वयाच्या मिश्र वंशाच्या पिल्लासाठी. बाकीची माहिती सारखीच ठेवा. दोन हप्त्यांमधला फरक म्हणजे त्या कंपनीच्या अनुभवानुसार तुमच्या जातीचा जास्तीचा धोका. कंपन्यांकडे ही माहिती खरंच असते. स्वीडनमध्ये कुत्र्याचा पहिला विमा १९२४ साली उतरवला गेला. आज तिथल्या बहुतेक कुत्र्यांचा विमा असतो, आणि कुठल्या जातीला कुठला आजार जास्त होतो यावरचं बरंचसं संशोधन तिथल्या विमा दाव्यांच्या नोंदींवर झालेलं आहे. तुमच्या जातीचा हप्ता दुप्पट येत असेल, तर "कंपनी लुटतेय" म्हणण्याआधी तिला काय दिसतंय याचा विचार करा.

तिसरी पायरी: पॉलिसीचा प्रकार ओळखा

नवखा माणूस बहुतेक वेळा इथेच फसतो, कारण सगळ्यांच्या जाहिरातीत हसरा कुत्रा एकच असतो.

सर्वांत स्वस्त पॉलिसी फक्त अपघाताची. हाड मोडलं, गाडीखाली आला, काही गिळलं तर पैसे मिळतात. आजारपणाला काही नाही. विषबाधा अपघातात धरतात की नाही, हे कंपनीगणिक बदलतं, तेव्हा विचारून घ्या.

दुसरा प्रकार वेळेच्या मर्यादेचा. आजार सुरू झाल्यापासून बारा महिने खर्च मिळतो, त्यानंतर तो आजार कायमचा बाहेर. तिसरा प्रकार दर आजाराला ठरावीक रक्कम देणारा. ती संपली की संपली, मग दोन महिन्यांत संपो की चार वर्षांत. चौथ्या प्रकारात दर वर्षी नूतनीकरण केलं की मर्यादा पुन्हा भरते आणि जुना आजारही चालू राहतो. याला आजीवन संरक्षण म्हणतात, पण मध्ये एक जरी नूतनीकरण चुकलं तरी साखळी तुटते.

फरक कसा पडतो ते एका उदाहरणावरून बघा. चौदा महिन्यांच्या लॅब्राडोरला खाज सुरू झाली, ॲलर्जीचं निदान झालं. वेळेच्या मर्यादेची पॉलिसी असेल तर तो सव्वादोन वर्षांचा झाला की औषधांचा खर्च तुमच्यावर, आणि पुढची आठ-दहा वर्षं तुमच्यावरच. बरं, कंपनी बदलावी म्हटलं तर नव्या कंपनीसाठी ॲलर्जी हा आधीचा आजार. म्हणजे पॉलिसी आहे, हप्ताही जातोय, आणि कुत्र्याचा एकमेव खर्चिक आजार तिच्यात नाही. आजीवन प्रकारात हप्ता जास्त असतो हे खरं, पण पिल्लासाठी आजारपणाचा विमा घ्यायचाच असेल तर माझ्या मते तोच घ्यावा. मधल्या दोन प्रकारांत पैसे वाचल्यासारखे वाटतात, पण दीर्घ आजारात नेमका हात सुटतो.

काही पॉलिसी मुळात कुत्र्याचा मृत्यू, चोरी किंवा हरवणं यांची भरपाई देतात आणि उपचाराचा खर्च हे जोडपत्र म्हणून, म्हणजे जास्तीचा हप्ता घेऊन जोडायचं संरक्षण म्हणून, वेगळं विकतात. मूळ पॉलिसीचं नाव आकर्षक असतं, आणि घेणारा समजतो की ऑपरेशन त्यात आलंच. "उपचार" हा शब्द संरक्षणाच्या तक्त्यात सापडतोय का, आणि त्यासमोर किती रक्कम आहे, ते बोट ठेवून वाचा. पिल्लू गेल्यावर त्याची खरेदीची किंमत परत मिळावी यासाठी फार कमी मालक विमा घेतात. ज्यांना ते पैसे नकोत, त्यांनी त्या कलमासाठी हप्ता का भरावा?

चौथी पायरी: हिशेब करा, पण नीट

चलन कुठलंही असो, हिशेबासाठी पहिल्या वर्षाचा हप्ता १ एकक धरू. बाकी सगळं त्याच्या पटीत. खालचे आकडे मी समजायला सोपे म्हणून घेतले आहेत, तुम्ही तुमचे घाला.

समजा, ऑपरेशनचं बिल १० एकक आलं. पॉलिसीत वजावट, म्हणजे डिडक्टिबल (बिलातली तुम्ही स्वतः भरायची ठरावीक रक्कम), १ एकक आहे आणि को-पे (बिलातला तुमचा टक्केवारीतला वाटा) २० टक्के. वजावट आधी काढली तर ९ उरतात, त्यातले ८० टक्के म्हणजे ७.२ एकक कंपनी देते. को-पे आधी लावला तर ८ उरतात, त्यातून १ वजा, म्हणजे ७. क्रम बदलला की रक्कम बदलते, आणि कुठला क्रम ते पॉलिसीत लिहिलेलं असतं. पण वार्षिक मर्यादाच ६ एकक असेल तर ही सगळी आकडेमोड बाजूला राहते आणि तुमच्या हातात ६ पडतात. म्हणून कमी हप्ता आणि तोकडी मर्यादा असलेली पॉलिसी ही छत्री नसून टोपी आहे: भुरभुरीत चालते, मुसळधारेत नाही.

आता छोटं बिल बघा. जुलाब झाले, सलाईन लावलं, बिल १.२ एकक. वजावट गेल्यावर ०.२ उरले, त्यातले ०.१६ मिळणार. त्यासाठी फॉर्म भरायचा, बिलं जोडायची, वाट बघायची. वजावट जेवढी मोठी तेवढा हप्ता कमी, हे साधं गणित आहे. छोटी बिलं तुम्ही स्वतः भरू शकत असाल तर मोठी वजावट निवडा आणि वाचलेला हप्ता मोठ्या मर्यादेवर खर्च करा. बहुतेक लोक नेमकं उलट करतात.

वजावट वर्षाला एकदा आहे की प्रत्येक आजाराला वेगळी, हेही तपासा. एकाच वर्षात कान, पोट आणि पाय असे तीन आजार झाले तर दुसऱ्या प्रकारात तीनदा वजावट जाते.

मग लांबचा हिशेब. हप्ता कायम १ राहत नाही. कुत्र्याचं वय आणि उपचारांचे दर वाढतात तसा तो चढत जातो, दावा केला नसला तरीही. समजा, दर वर्षी १० टक्के वाढला, तर दहा वर्षांत तुम्ही जवळपास १६ एकक भरलेले असतील. या काळात फक्त ते एक ऑपरेशन झालं, तर मिळाले ७.२. तोट्यात. त्याजागी दर वर्षी ३ एककांची औषधं लागणारा आजार आठ वर्षं राहिला, तर आजीवन पॉलिसीतून वर्षाला १.६ प्रमाणे १२.८ मिळाले. एवढ्यानेही हप्ते भरून निघत नाहीत. दोन्ही झालं तर २०, म्हणजे फायद्यात. आणि काहीच झालं नाही तर १६ एकक गेले, कुत्रा मजेत.

हे वाचून विमा नकोच असं वाटत असेल, तर कालक्रम बघा. तेच पैसे तुम्ही बाजूला टाकत गेलात आणि १० एककांचं बिल पिल्लू दीड वर्षाचं असताना आलं, तर खात्यात दोनच एकक असतील. बचतीला वेळ लागतो, आणि विम्याचं संरक्षण सुरुवातीचा प्रतीक्षा काळ सरला की पूर्ण असतं. हप्ता जातो तो मुख्यतः या फरकासाठी.

पाचवी पायरी: कोरी फाइल आणि प्रतीक्षा काळ

पॉलिसी घेतल्याच्या दिवसापासून सगळं लागू होत नाही. अपघाताला बहुधा लगेच किंवा काही दिवसांत संरक्षण मिळतं, आजाराला साधारण दोन ते चार आठवडे थांबावं लागतं आणि काही कंपन्या खुबा-गुडघ्याच्या त्रासासाठी सहा महिन्यांपर्यंत थांबवतात. या काळात दिसलेलं लक्षण आधीच्या आजारात जमा होतं.

इथे "लक्षण" हा शब्द महत्त्वाचा. निदान झालेलं नसलं तरी चालतं. दवाखान्यात तुम्ही सहज म्हणालात, "हल्ली पाय जरा ओढतो," आणि डॉक्टरांनी ते केसपेपरवर लिहिलं, तर वर्षभराने निघालेल्या खुब्याच्या दोषाचा दावा त्या एका ओळीवर अडू शकतो. याचा अर्थ डॉक्टरांपासून लपवावं असा मुळीच नाही. विम्यासाठी पिल्लाला दवाखान्यात न नेणं हा तर शुद्ध वेडेपणा. पण नोंद नेमकी व्हावी असा आग्रह तुम्ही धरू शकता. "जुलाब" एवढंच लिहिण्यापेक्षा "खाणं बदलल्यामुळे एक दिवस जुलाब, औषधाविना बरा" अशी नोंद पुढे फार उपयोगी पडते. बिलाबरोबर केसपेपरची प्रतही दर वेळी मागून घ्या.

जन्मजात गोष्टींचं कलम पिल्लांच्या बाबतीत विशेष बघावं लागतं. बेंबीचा हर्निया, खाली न उतरलेलं वृषण, न पडलेले दुधाचे दात, अशा गोष्टी बऱ्याच पॉलिसी वगळतात. जन्मजात आणि आनुवंशिक हे दोन वेगळे शब्द आहेत. खुब्याचा दोष आनुवंशिक असला तरी जन्मताच दिसत नाही. पॉलिसी एकाला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणू शकते. वर ज्या जाती सांगितल्या, त्यांतलं तुमचं पिल्लू असेल आणि पॉलिसी आनुवंशिक आजार वगळत असेल, तर ती पॉलिसी तुमच्या कामाची नाही. किंमत विचारायचीही गरज नाही.

दोन्ही बाजूंचं कलम असंच घातक. एका गुडघ्याचा लिगामेंट पॉलिसीआधी दुखावला असेल तर दुसरा गुडघाही आधीचाच आजार मानला जातो. एका बाजूचा लिगामेंट तुटलेल्या कुत्र्यांपैकी निम्म्याच्या आसपास कुत्र्यांचा दुसऱ्या बाजूचाही पुढे तुटतो, त्यामुळे कंपनीच्या बाजूने हे कलम बिनचूक आहे. तुमच्या बाजूने नाही.

मग आधी तपासणी की आधी विमा? कंपनी आरोग्याचा दाखला मागत असेल तर तपासणी आधी करावीच लागते. मागत नसेल तर दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात उरका. पिल्लू देणाऱ्या ब्रीडरने किंवा निवाऱ्याने काही आठवड्यांचा मोफत विमा दिला असेल, तर तो संपण्याच्या आधी नवा सुरू होऊन त्याचा प्रतीक्षा काळही पूर्ण होईल अशी तारीख धरा.

सहावी पायरी: कंपनीला लेखी विचारा

फोनवरचं गोड बोलणं दाव्याच्या वेळी कामाला येत नाही. ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा. पैसे थेट दवाखान्याला मिळतात, की मी भरायचे आणि नंतर परत मागायचे? परत मागायचे असतील तर विमा असूनही त्या रात्री पूर्ण रक्कम तुमच्या खिशात लागते, आणि पहिल्या पायरीतला पहिला आकडा पुन्हा समोर उभा राहतो. अशा वेळी क्रेडिट कार्डाची मर्यादा किंवा दवाखान्याची हप्त्यांची सोय आधीच माहीत असलेली बरी.

आणखी विचारा: दावा केल्यावर माझा हप्ता वाढतो का? कुत्रा ठरावीक वयाचा झाल्यावर को-पे वाढतो का, की नूतनीकरणच बंद होतं? तज्ज्ञाकडे पाठवलं तर ती फी आणि एमआरआयसारख्या तपासण्या धरतात का? दातांचं काय? दावा किती दिवसांत द्यावा लागतो? मायक्रोचिप किंवा ओळखीचा कुठला पुरावा लागतो? शेवटच्या दोन प्रश्नांकडे लोक दुर्लक्ष करतात आणि मग चांगला दावा कागदाअभावी पडतो.

लसीकरण, जंतनाशकं, नसबंदी यांचं "वेलनेस" जोडपत्र विकायचा प्रयत्न होईल. हे खर्च कधी येणार आणि किती येणार ते तुम्हाला आधीच माहीत आहे, म्हणजे तो विमा नव्हेच, आगाऊ भरलेले पैसे आहेत. वर्षभरात लागणाऱ्या लसी आणि गोळ्यांची बेरीज करा. जोडपत्र त्याहून स्वस्त असेल तरच घ्या. सहसा नसतं.

कुत्र्यामुळे दुसऱ्या कुणाला इजा झाली, तो रस्त्यात पळाल्याने गाडी आदळली, तर येणारी भरपाई हा मात्र स्वतंत्र विषय आहे. जर्मनीतल्या अनेक राज्यांत कुत्र्यासाठी असा दायित्व विमा सक्तीचा आहे. उपचारांचं बिल कुठेतरी थांबतं, ही भरपाई किती मोठी होईल ते सांगता येत नाही. उपचारांचा विमा घेतला नाही तरी दायित्वाचं संरक्षण घराच्या विम्यात किंवा वेगळं मिळतं का ते बघा. ते बहुधा स्वस्त असतं.

सातवी पायरी: ठरवा

मला विचाराल तर, पहिला आकडा छोटा, पिल्लू आजारांना बळी पडणाऱ्या जातीचं आणि आजीवन पॉलिसी परवडण्यासारखी असेल, तर घ्या. मोठी वजावट, मोठी मर्यादा, बाकी जोडपत्रं शून्य. पुढच्या दहा-बारा वर्षांत चढत जाणारा हप्ता झेपेल का, याचा विचार मात्र आजच करा. कुत्र्याचं वय होतं तेव्हाच हप्ता जड होतो, आणि तेव्हाच पॉलिसी सोडणं सर्वांत महाग पडतं.

पहिला आकडा मोठा असेल आणि पिल्लू मिश्र वंशाचं, दणकट असेल, तर विम्याविना राहायला हरकत नाही. पण मग वेगळं खातं उघडा, त्यात आज दुसऱ्या आकड्याएवढी रक्कम टाका आणि कोटेशनमध्ये आलेला हप्ता दर महिन्याला त्यात जाऊ द्या. "लागले तर देऊ की" हे नियोजन नव्हे. ते पैसे सुट्टीत खर्च होतात.

मधल्या माणसांसाठी एक मधला रस्ता आहे: पहिली दोन-तीन वर्षं फक्त अपघाताची स्वस्त पॉलिसी आणि जोडीला बचत. अंगावर येणारी अचानक बिलं सुटतात, तोवर खातं वाढतं. यात आजाराचा धोका तुम्ही स्वतःकडे ठेवता, आणि नंतर आजाराचा विमा घ्यायचं मनात आलं तर तोवर फाइल कोरी राहिलेली नसेल. हे मान्य असेल तरच या वाटेने जा. आणि तुमच्या भागात आजीवन प्रकारची पॉलिसी मिळतच नसेल, उपचाराची मर्यादा दुसऱ्या आकड्याच्या निम्मीही नसेल, तर बचतीचं पारडं आपोआप जड होतं.

पॉलिसी घेतलीत तर कागद हाती येताच दोन तारखा फोनमध्ये टाका. एक, प्रतीक्षा काळ संपण्याची. दुसरी, नूतनीकरणाच्या महिनाभर आधीची. बऱ्याच ठिकाणी पॉलिसी मिळाल्यावर काही दिवसांत ती परत करून पैसे मागता येतात. त्या मुदतीत वगळलेल्या गोष्टींची यादी एकदा सबंध वाचा, आणि लस, चिप व पहिल्या तपासणीचे कागद स्कॅन करून पॉलिसीबरोबर एकाच फोल्डरमध्ये ठेवा. घरातल्या दुसऱ्या माणसालाही तो फोल्डर कुठे आहे आणि आपत्कालीन केंद्राचा नंबर काय, हे दाखवून ठेवा.